प्रस्तावना : प्रत्येक चालीला कारण हवे

हे पुस्तक चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. कोणी चंद्रपूर शहरात शिकतो, कोणी बल्लारपूरला, कोणी ब्रह्मपुरीला, तर कोणी अहेरी किंवा एटापल्लीकडच्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहते. या सगळ्यांना मोहऱ्यांच्या चाली येतात, शह आणि मात कळते, आणि आता त्यांना स्पर्धेत उतरायचे आहे. स्पर्धेत उतरू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ओपनिंग कोणती शिकू? पुस्तकात त्याचे उत्तर पानोपानी मिळेल. परंतु त्याआधी आणखी एक प्रश्न सोडवायला हवा, आणि ही प्रस्तावना त्यासाठीच आहे. ओपनिंग शिकायची म्हणजे नेमके काय करायचे?

शालेय स्पर्धेच्या पहिल्या फेरीला हॉलमध्ये थोडा वेळ उभे राहिले की याचे एक उत्तर डोळ्यांनीच दिसते, आणि ते चुकीचे आहे. पांढरी मोहरी घेतलेली मुलगी पहिल्या चार चाली भराभर खेळते. प्रत्येक चाल स्कोअरशीटवर नीट उतरवते. चाली तिला तोंडपाठ आहेत. समोरचा मुलगा पाचव्या चालीला काठावरचे प्यादे एक घर पुढे सरकवतो. ही चाल तिच्या वहीत नाही. तिचा हात पुढे येतो, घोड्यावर थांबतो, मागे जातो. शेवटी ती वहीतली पुढची चाल तशीच खेळून टाकते. समोरच्याने एक चाल वाया घालवली आहे, आता मधली पट्टी उघडली तर त्याचा राजा अडचणीत येईल, हे तिला सुचत नाही. तिची हुशारी कमी नाही. आधीच्या चार चाली कशासाठी होत्या हे तिला कुणी सांगितलेच नाही, म्हणून पाचवीला काय करायचे ते तिला ठरवता येत नाही.

या पुस्तकाचा सारा भर तिथेच आहे. ज्या चालीचे कारण सांगता येत नाही, ती चाल आपली नाही. वीस चाली पाठ असलेला खेळाडू एकविसाव्या चालीला एकटा पडतो. पाच चालींची कारणे कळलेला खेळाडू मात्र विसाव्या चालीलाही वाट काढतो.

मोठ्या स्पर्धांतून हे कसे दिसते, ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. चंद्रपूरहून जवळपास दीडशे किलोमीटरवर नागपूर आहे आणि नागपूरची दिव्या देशमुख आज प्रत्येक मुलाच्या ओठावर आहे. रौनक साधवानी २०१९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये झाला, दोघेही नागपूरचेच. एकेकाळी मराठी बुद्धिबळ म्हटले की सांगली, पुणे, मुंबई एवढीच गावे पुढे येत. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी खेळाडूंच्या कित्येक पिढ्या घडवल्या. १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचे विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी विभागून घेतले. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी महिला बुद्धिबळाचा पाया घातला. भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी तो पुढे नेला. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, पुण्याचे अभिजित कुंटे २००० मध्ये. खेळाचा हा ओघ हळूहळू पूर्वेकडे सरकत नागपूरपर्यंत आला. त्याच्या पुढचा मुक्काम वैनगंगेच्या काठावर का असू नये?

दिव्याच्या २०२५ च्या विश्वचषकाकडे मुलांनी केवळ कौतुकाने न पाहता अभ्यासाने पाहावे, असे मला मनापासून वाटते. जुलैमध्ये जॉर्जियातील बटुमी येथे ही महिला विश्वचषक स्पर्धा झाली. दिव्या १९ वर्षांची होती आणि तिचे मानांकन १५वे होते. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणाऱ्या नॉर्मपैकी एकही तिच्या नावावर नव्हता. चौथ्या फेरीत तिने दुसऱ्या मानांकित चीनच्या जू जिनेरला टायब्रेकमध्ये हरवले, उपांत्यपूर्व फेरीत हरिका द्रोणवल्लीला टायब्रेकमध्येच, उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयीला आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपीला. विश्वचषकाबरोबर ग्रँडमास्टर किताब थेट मिळाला. ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली आणि हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतरची चौथी महिला.

यातला उपांत्य फेरीचा दुसरा डाव घ्या. पहिला डाव बरोबरीत सुटला होता. दुसऱ्यात दिव्याकडे पांढरी मोहरी होती आणि डावाला अलापिन सिसिलियनचे रूप आले. ही ओपनिंग खूप खोल पाठांतर मागणाऱ्या ओपनिंगांत मोडत नाही. सिसिलियन बचावात काळा १. ई४ ला सी५ ने उत्तर देतो. त्यावर पांढऱ्याने २. घोडा एफ३ खेळून पुढे डी४ करून मध्य उघडला, की शेकडो फाट्यांचे जंगल सुरू होते. सेम्यॉन अलापिन (१८५६–१९२३) या रशियन खेळाडूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पांढरा त्याऐवजी २. सी३ खेळतो.

ही एवढीशी चाल कारणांनी कशी भरलेली आहे पाहा. पांढऱ्याला डी४ खेळायचे आहे. काळ्याने सी प्याद्याने ते मारले, तर सी३ वरच्या प्याद्याने परत मारता येईल आणि ई४, डी४ अशी दोन प्यादी पटाच्या मधोमध उभी राहतील. हा फायदा. आता तोटा : सी३ हे घर वजीरबाजूच्या घोड्याचे आवडते घर. तिथे प्यादे बसल्यामुळे घोडा अडला. त्यामुळे काळा २...डी५ खेळू शकतो, पांढऱ्याने ई प्याद्याने ते मारले आणि काळ्याने वजिराने परत मारले, की त्याचा वजीर मध्यभागी येतो, आणि एरवी सी३ वर येऊन त्याला हुसकावणारा घोडा इथे येऊ शकत नाही. किंवा काळा २...घोडा एफ६ खेळून ई४ वर हल्ला करतो, कारण ई४ ला सी३ वरून राखणारा घोडाही नाही. पांढरा मग ३. ई५ खेळून त्या घोड्याला पळवतो आणि घोडा डी५ वर जाऊन बसतो. काळ्याची ही दोन्ही उत्तरे एकाच तोट्यातून निघाली आहेत. ज्याला तो तोटा कळला, त्याला दोन्ही उत्तरे पाठ करावी लागत नाहीत. पटाकडे पाहून ती शोधता येतात.

दिव्या आणि तान यांचा तो डाव १०१ चाली चालला. ओपनिंगच्या पहिल्या दहा-बारा चाली सोडल्या, तर उरलेल्या नव्वद चालींना कोणतेही पुस्तक कामाला येणार नव्हते. दोघींकडे चुकण्याच्या जागा होत्या, दोघींवर ताण होता, आणि शेवटपर्यंत जी अधिक नेटाने लढली ती जिंकली. ओपनिंगने दिव्याला जागतिक स्पर्धेचा उपांत्य सामना जिंकून दिला नाही. तिने दिव्याला अशा स्थितीत आणून सोडले, की जिथली प्यादी कुठे जाणार, घोडे कुठे बसणार आणि कोणते घर दुबळे आहे, हे तिला ठाऊक होते. ओपनिंगकडून इतकीच अपेक्षा ठेवावी, पण इतकी अपेक्षा पुरेपूर ठेवावी.

अंतिम सामन्यातही हेच दिसले. २६ आणि २७ जुलैचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांचा टायब्रेक झाला. हंपी त्या वेळी जलद बुद्धिबळाची विद्यमान जगज्जेती होती. २०१९ नंतर २०२४ मध्ये तिने तो मान दुसऱ्यांदा मिळवला होता. ती ग्रँडमास्टर झाली २००२ मध्ये, म्हणजे दिव्याचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. पहिला जलद डाव बरोबरीत गेला. दुसऱ्यात हंपीकडे पांढरी मोहरी होती आणि तिने कॅटलान ओपनिंग निवडली. डी४, सी४ आणि जी३ खेळून पांढरा आपला उंट जी२ वर ठेवतो. तिथून तो एच१ ते ए८ या लांब कर्णावर काळ्याच्या वजीरबाजूवर नजर ठेवून बसतो. १९२९ मध्ये बार्सिलोनाच्या स्पर्धेत संयोजकांच्या विनंतीवरून तार्ताकोवरने कॅटलोनियाच्या सन्मानार्थ ही ओपनिंग खेळली, तिथून हे नाव. ओपनिंग उत्तम, खेळणारी तिची जाणकार, तरी डाव फिरला तो फार पुढे, घड्याळातली वेळ संपत आलेली असताना. काळी मोहरी घेतलेल्या दिव्याने तो जिंकला आणि सामना अडीच विरुद्ध दीड गुणांनी तिच्याकडे आला.

इथे कोणी म्हणेल, दिव्याकडे प्रशिक्षक होते, संगणक होते, देशोदेशीच्या स्पर्धा होत्या. आमच्या मुलांकडे काय आहे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. त्यासाठी पावणेदोनशे वर्षे मागे, बंगालमध्ये जावे लागते.

जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर त्या काळी कोलकात्यात वकिली करत होता. युरोपातल्या उत्तम खेळाडूंमध्ये त्याची गणना होती. १८४८ च्या सुमारास त्याच्या कानावर आले, की शहराबाहेर खेड्यात एक ब्राह्मण राहतो आणि बुद्धिबळात त्याला अजून कोणी हरवलेले नाही. त्याचे नाव महेशचंद्र बंद्योपाध्याय. कॉक्रेनने त्याला कोलकात्यात आणले आणि पुढची कित्येक वर्षे दोघे शेकडो डाव खेळले. कॉक्रेनने ते लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला महेशचंद्र माहीत आहे.

महेशचंद्रने खेळ शिकला तो देशी पद्धतीने. आपल्याकडच्या जुन्या लोकांना ही पद्धत ठाऊक आहे. भागाभागांत नियमांत थोडाफार फरक असे. पण साधारणपणे प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचे, कॅसलिंग म्हणजे आपला किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची उडी घेता यायची. अशा खेळात पहिल्या दोन चालींत मध्यभाग बळकावता येत नाही. खेळाडू आधी प्यादी एकेक घर सरकवतो, उंटाला कोपऱ्याजवळच्या घरातून लांब कर्ण मोकळा करून देतो आणि समोरचा किती पुढे येतो ते पाहतो. महेशचंद्र युरोपीय नियमांनी खेळू लागला तरी ही सवय त्याने सोडली नाही. डी६, जी६, उंट जी७, घोडा एफ६, अशी त्याची मांडणी असे. त्या काळच्या युरोपीय पुस्तकांत प्याद्यांनी मध्य व्यापणे हाच धर्म मानला जाई. साठ-सत्तर वर्षांनी, १९२० च्या दशकात, निम्झोविच, रेटी, तार्ताकोवर यांनी सांगितले, की मध्यभाग लांबूनही ताब्यात ठेवता येतो. तेव्हा महेशचंद्रच्या मांडणीचे मोल सगळ्यांना कळले. किंग्ज इंडियन, निम्झो-इंडियन, क्वीन्स इंडियन या ओपनिंगांच्या नावात आज 'इंडियन' आहे, त्याची पाळेमुळे इथे आहेत.

केंद्रापासून दूर राहणारा, पुस्तके न वाचलेला खेळाडू जगाला ओपनिंग देऊन गेला, कारण त्याच्या चाली उसन्या नव्हत्या. तो जिथे वाढला तिथल्या खेळाच्या तर्कातून त्या आल्या होत्या. आमच्या मुलांकडे काय आहे, याचे पहिले उत्तर हे आहे : तर्क आहे, निरीक्षण आहे, आणि सवड आहे.

आता या दोघांचा १८५५ मधला एक डाव पटावर मांडा. या पुस्तकातला प्रत्येक डाव कसा वाचायचा, त्याचा हा नमुना आहे. चाली लिहिताना राजासाठी रा, वजिरासाठी व, हत्तीसाठी ह, उंटासाठी उं आणि घोड्यासाठी घो अशी अक्षरे वापरली आहेत. प्याद्यासाठी अक्षर नाही, फक्त घराचे नाव. मारण्याची खूण × आणि राजाबाजूच्या किल्लेकोटाची खूण ०-०. पांढरा कॉक्रेन, काळा महेशचंद्र.

१. डी४ घो एफ६ २. सी४ जी६ ३. घो सी३ डी५

इथे थांबा. काळ्याने घोडा बाहेर काढला, उंटासाठी जी७ मोकळे केले आणि तिसऱ्या चालीला मध्यभागी टक्कर दिली. हीच मांडणी ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ मध्ये स्पर्धेत खेळली आणि तिला ग्रुनफेल्ड बचाव हे नाव मिळाले. कास्पारोवने कार्पोवविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांत ती वापरली. महेशचंद्रने ती त्याच्याही कितीतरी आधी कोलकात्यात खेळून ठेवली होती.

४. ई३ उं जी७ ५. घो एफ३ ०-० ६. सी×डी५ घो×डी५ ७. उं ई२ घो×सी३ ८. बी×सी३ सी५

पांढऱ्याकडे मध्यभागी प्यादी आली. काळ्याने ती येऊ दिली, आणि लगेच सी५ खेळून त्यांच्यावर हल्ला सुरू केला. जी७ वरचा उंट त्याच प्याद्यांवर रोखलेला आहे. ग्रुनफेल्डचा सारा विचार या एका स्थितीत दिसतो. मुलांनी इथे पुस्तक मिटून काळ्या बाजूने पुढच्या तीन चाली स्वतः शोधाव्यात आणि मगच पुढे वाचावे.

९. ०-० सी×डी४ १०. सी×डी४ घो सी६ ११. उं बी२ उं जी४ १२. ह सी१ ह सी८ १३. उं ए३ व ए५

काळ्याची सगळी मोहरी बाहेर आली आहेत. ओपनिंग संपली आणि काळा सुस्थितीत आहे. त्याच्या वजिराने ए३ वरच्या उंटावर हल्लाही केला आहे.

१४. व बी३

ही चाल नीट पाहा. वजिराने उंटाला जोर दिला. पण त्याच वेळी बी३, सी४, डी५, ई६, एफ७ या कर्णावर त्याची नजर थेट काळ्याच्या राजाशेजारच्या प्याद्यावर गेली. एका चालीने दोन कामे झाली. काळ्याला पहिले काम दिसले, दुसरे दिसले नाही.

१४...ह एफ-ई८

ए३ वरचा उंट ई७ वर रोखलेला आहे, म्हणून हत्ती ई७ राखायला गेला. पण ई७ ला सी६ वरचा घोडा आधीच राखत होता. आणि एफ८ वरून हत्ती हलला तेव्हा एफ७ वरच्या प्याद्याला राजाखेरीज कोणी राखणारे उरले नाही. पुढच्या सात चालींची बीजे या एका चालीत आहेत.

१५. ह सी५ व बी६ १६. ह बी५ व डी८ १७. घो जी५

घोडा एफ३ वरून हलताच दोन्ही उंट समोरासमोर आले आणि घोड्याचाही मोर्चा एफ७ कडे वळला.

१७...उं×ई२ १८. घो×एफ७

पांढऱ्याने उंट परत मारलाच नाही. एफ७ वरच्या घोड्याला काळा राजा मारू शकत नाही, कारण बी३ चा वजीर त्याला राखतो आहे. काळ्याने १८...घो ए५ खेळून त्या वजिरावर हल्ला केला, पण उशीर झाला होता. १९. घो एच६ आणि दुहेरी शह : घोड्याचा शह आणि घोडा हलल्यामुळे उघडलेला वजिराचाही शह. दोन शह एकाच वेळी मधे मोहरे घालून अडवता येत नाहीत. राजाला हलावेच लागते. तो एफ८ वर गेला, तर व एफ७ मात. तो एच८ वर गेला, तर २०. व जी८ शह. वजीर थेट राजाशेजारी. घोडा त्याला राखतो, म्हणून राजा मारू शकत नाही, हत्तीनेच मारावा लागतो : २०...ह×जी८. आणि आता राजाची चोहोबाजूंची घरे त्याच्याच माणसांनी अडवलेली. २१. घो एफ७ मात.

महेशचंद्र हा डाव हरला. त्याची ओपनिंग मात्र हरली नाही. ती आजही जगातले सर्वोत्तम खेळाडू खेळतात. तेरा चाली बरोबर खेळून चौदावीला नजर चुकली की काय होते, आणि त्या एका चुकीची किंमत कशी वसूल करायची, हे दोन्ही धडे या एकवीस चालींत आहेत. विद्यार्थ्याने हा डाव आधी काळ्याच्या बाजूने बसून खेळावा, मग पट फिरवून पांढऱ्याच्या बाजूने. चौदाव्या चालीला काळ्यासाठी दुसरी चाल शोधावी आणि ती का चांगली, ते वहीत एका वाक्यात लिहावे. उत्तर चुकले तरी चालेल, पण कोरे सोडू नये.

आमच्या भागातल्या मुलांना ओपनिंगची तयारी समजावून सांगायची, तर धानाच्या शेतीइतके जवळचे दुसरे काही नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा, आरमोरीकडची पोरे पऱ्हे टाकणे आणि रोवणी पाहतच मोठी होतात. पऱ्हे जोमदार असले, की रोवणीनंतर रोप तग धरते. पण पऱ्हे म्हणजे पीक नव्हे; बांधीतले पाणी, निंदण, किडीवरची नजर हे सारे पुढे असतेच. आणि ज्याची नजर पिकावर असते, त्याला नवे काही सापडते. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ मध्ये आपल्या धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली, आणि त्यातून एचएमटी हे वाण आले, जे दूरदूरच्या शेतकऱ्यांनी स्वीकारले. वेगळे काही दिसल्यावर ते बाजूला काढून पाहण्याची ही सवय पटावरही तितकीच फळ देते. समोरच्याने वहीत नसलेली चाल खेळली, तर घाबरण्याचे कारण नाही. ती चाल का वेगळी आहे, ते आधी पाहावे.

अडचणी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. आजही या भागातल्या पुष्कळ गावांहून स्पर्धेच्या ठिकाणी पोचायचे म्हणजे एसटीचा लांब प्रवास. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो. काही ठिकाणी मोबाईलचे जाळेच नाही, तिथे ऑनलाईन डाव आणि संगणकाचे विश्लेषण कुठून येणार? पुस्तक छापील स्वरूपात आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या साध्या पटावर वापरता येईल असे केले आहे, ते याचसाठी. पण दुर्गम भागातली मुले मागेच राहणार, हे मात्र मान्य करू नये. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्यांना संधी आणि शिस्तीची तयारी मिळाली, बाकी सगळे त्यांनीच केले.

बुद्धिबळाला इथे एक खास सोयही आहे. वर्गात एक मूल माडिया बोलते, दुसरे गोंडी, सिरोंच्याचे तेलुगू, कोरचीकडचे छत्तीसगढी, मुलचेऱ्याकडचे बंगाली. पटावर बसल्यावर या सगळ्यांना एकच भाषा येते, आणि ती लिहिता येते. म्हणून चाली लिहिणे हा खेळाचाच भाग मानावा. जो डाव लिहिला नाही, तो शिक्षकाला दाखवता येत नाही आणि आठवड्याने स्वतःलाही आठवत नाही.

शिक्षकांना एक विनंती. ओपनिंगचे पान फळ्यावर उतरवून घेऊ नका. एक चाल पटावर मांडा आणि विचारा, ही कशासाठी? तीन मुलांची तीन उत्तरे येऊ द्या. मग पुस्तकातले कारण वाचा. मुलाचे कारण पुस्तकापेक्षा वेगळे आणि तरी बरोबर असू शकते. तसे झाले तर त्याला शाबासकी द्या आणि ती चाल खेळवून पाहा. पांढऱ्यासाठी एक ओपनिंग, ई४ ला एक उत्तर आणि डी४ ला एक उत्तर, एवढे एका वर्षाला पुष्कळ झाले. या पुस्तकात त्याहून अधिक दिले आहे ते निवड करता यावी म्हणून, सगळे एकदम गिळण्यासाठी नाही.

आणि विद्यार्थ्यांना एकच मागणे आहे. स्पर्धा तालुक्याची असो वा जिल्ह्याची, डाव जिंकलेला असो वा हरलेला, तो पूर्ण लिहा आणि त्याची प्रत शाळेत जपून ठेवा. प्रत्येक डावाखाली दोन वाक्ये लिहा : माझी योजना काय होती, आणि ती कुठे बिघडली. दोन-तीन वर्षांत असे शेकडो डाव जमतील. त्यांतले निवडक घेऊन या पुस्तकाची पुढची आवृत्ती करायची आहे. आज इथे कोलकात्याचे, बार्सिलोनाचे आणि बटुमीचे दाखले आहेत. पुढच्या आवृत्तीत निम्मे डाव मूल, राजुरा, धानोरा, कुरखेडा, अहेरी आणि सिरोंच्याच्या मुलामुलींनी खेळलेले असावेत, आणि त्या डावांवरच्या टिपाही त्यांनीच लिहिलेल्या असाव्यात.